क्रूझरचा सायलेन्सर बदलताय? या चुका टाळा

"सायलेन्सर बदलला आणि गाडी बिघडली," असं सांगत जे मित्र आमच्या अंगणात गाडी लावतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं इंजिन ठणठणीत असतं. बिघाड असतो तो पाइप जिथे जोडलाय तिथे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात राहतो, आधी रॉयल एनफील्डची थंडरबर्ड चालवली, आता त्यांचीच मीटिओर (दोन्ही क्रूझर, म्हणजे ऐसपैस बसून लांब जायच्या मोटरसायकली), आणि रविवारी पाने घेऊन गाडीखाली बसणं मला मनापासून आवडतं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: सायलेन्सर कानाने निवडला तर फसगत होते. तो आपल्या गाडीवर नीट बसतो का आणि आपल्या हवेत टिकतो का, हे आधी बघायला हवं.

दुकानात आवाज ऐकून घेतलेला पाइप

म्हापशाच्या बाजारात असो वा मोबाइलवर, आपण ऐकतो तो दुसऱ्याच्या गाडीचा आवाज. तोच मफलर (सायलेन्सरचा मागचा, आवाज दाबणारा डबा) दोन सिलिंडरच्या 648 सीसी सुपर मीटिओरवर गंभीर वाटतो आणि एका सिलिंडरच्या 349 सीसी मीटिओरवर पत्र्याचा डबा बडवल्यासारखा.

त्याहून मोठा गैरसमज म्हणजे 'पाइप जितका मोकळा, तितकी ताकद जास्त'. धुराचा प्रत्येक लोट पाइपातून वेगाने धावतो तेव्हा मागे कमी दाबाची जागा सोडतो. ती जागा सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून बाहेर काढते. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की धुराचा वेग पडतो आणि ही ओढही कमी होते. क्रूझरची सगळी मजा खालच्या आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) ओढीत असते. मीटिओरचा 27 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारी ओढ) 4000 आरपीएमला मिळतो. साखळी-केरीवरून चोर्ला घाट चढताना मागे माणूस आणि बॅगा असतील, तर कामाला येते ती हीच ओढ. रुंद, सरळ नळकांडं लावलेली गाडी आवाजाने धावतेय असं वाटतं, पण वळणातून बाहेर पडताना एक गिअर खाली टाकावाच लागतो. म्हणून माझा आग्रह स्लिप-ऑनचा, म्हणजे बेंड पाइप (इंजिनातून निघणारा पुढचा वाकडा पाइप) कंपनीचाच ठेवून फक्त मागचा मफलर बदलायचा. बेंडपासून सगळं बदलायचं तर इंधनाचं मॅपिंगही (कधी किती पेट्रोल सोडायचं याचं कोष्टक) बदलावं लागतं, आणि रोजच्या गाडीसाठी त्या खटाटोपात मला काही अर्थ दिसत नाही.

एक गोष्ट आधी तपासा: तुमच्या मॉडेलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) कुठे आहे? काही गाड्यांत तो बेंडमध्ये असतो, काहींत मफलरच्या पोटात. मफलरमध्ये असेल तर स्लिप-ऑन लावताना तोही निघून जातो. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या या कन्व्हर्टरच्या भरवशावर पीयूसी पास होतात. तो काढून टाकण्याचं समर्थन मी करणार नाही. मागे बसलेल्या माणसाच्या नाकात तो धूर जातो.

गोव्याची हवा विसरणं

इथे पाइप बाहेरूनही सडतो आणि आतूनही. बाहेरून खारा वारा. हरमल, मोरजी, शापोरा भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आतून सडण्याचं कारण कमी लोकांना माहीत असतं. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत मफलर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी आतच साचतं, त्यात ज्वलनातली आम्लं मिसळतात आणि पत्रा खालून सडायला लागतो. कंपनीच्या मफलरला खाली बहुतेक वेळा एक बारीक भोक असतं, ते पाणी निघून जावं म्हणून. बाजारातल्या स्वस्त मफलरला ते नसतं, किंवा असलेलं भोक लाल मातीने बुजतं. महिन्यातून एकदा तार घालून बघा, आणि आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटरची सलग चक्कर मारा.

धातू ओळखायला दुकानात चुंबक घेऊन जा. 304 प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. चिकटलं तर तो 409 प्रतीचा स्टेनलेस असू शकतो, किंवा साध्या लोखंडावर क्रोम चढवलेलं. 409 वाईट नाही, त्यावर फक्त वरवरचा तांबूस गंज येतो. क्रोमचं लोखंड मात्र किनाऱ्याकडच्या गावात दोन पावसाळे नीट काढेल याची खात्री मी देणार नाही. क्रोमला एकदा टाचणीएवढं छिद्र पडलं की गंज आतल्या आत पसरतो आणि वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. आत ग्लासवूल भरलेला मफलर घेणार असाल तर तो रिव्हेटने उघडता येतो का ते विचारा. ते वूल हळूहळू जळतं, भिजलं की गच्च बसतं, आणि मग आवाज महिन्यागणिक वाढत जातो. उघडता येत असेल तर नवीन वूल भरता येतं.

घाईने जुना पाइप उपटणं

हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) बाहेर आलेले एक्झॉस्टचे स्टड, म्हणजे पाइप धरणारे आट्यांचे दांडे, लोखंडी असतात आणि हेड ॲल्युमिनियमचं. इतक्या वर्षांची उष्णता आणि खारी हवा खाऊन नट तिथे जाम बसलेले असतात. जोर लावला की स्टड हेडमध्येच तुटतो, आणि मग ड्रिल, नवे आटे, हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) असा खर्च पाइपापेक्षा जड होतो. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा. नट एकदम फिरवू नका. थोडा सोडा, थोडा आवळा, परत सोडा. इंजिन पूर्ण थंड हवं, हे तुमच्या बोटांसाठीही. नुसता मफलर बदलणार असाल तर स्टडना हातच लावू नका.

जुनं गॅस्केट परत वापरणं

सगळ्या चुकांत ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत जास्त फिरवणारी. बेंड आणि हेडमधलं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी कडी, आवळताना चेपून आपला आकार घेतं. एकदा चेपलेलं गॅस्केट दुसऱ्यांदा तसं बसत नाही. थंडरबर्डला मी जुनंच परत लावलं होतं, दिसायला बरं होतं म्हणून. चोर्ल्याहून केरीला उतरताना थ्रॉटल सोडला की पट-पट-पट. मी कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं) बदलले, प्लग बदलला, टॅपेट तपासले. तीन रविवार गेल्यावर बेंडच्या तोंडाशी काजळीची बारीक रेघ दिसली. नवीन गॅस्केट लावलं आणि आवाज थांबला.

हे असं होतं: थ्रॉटल बंद केल्यावर इंजिनात थोडं पेट्रोल न जळता पाइपात जातं. फटीतून ताजी हवा आत ओढली जाते, आणि ते पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटतं. मोकळ्या मफलरवर थोडी गुरगुर स्वाभाविक आहे. पण अचानक सुरू झालेला, फटाक्यासारखा टोकदार आवाज आला तर पहिली शंका सांध्यावर घ्या.

इंजेक्शनच्या गाडीत ही फट आणखी खोडी करते. ती धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोहोचते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवत जातो. मायलेज पडतं, प्लग काळा होतो, पुढे इंजिनाचा दिवा लागतो. मग लोक नवा सेन्सर घेतात, आणि आठवड्याने तीच तक्रार.

सांध्याला सिलिकॉन सीलंट फासून मोकळं होण्याचा मोहही टाळा. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरला कायमची निकामी करू शकते. पेस्ट लावायचीच तर एक्झॉस्टसाठीची, सेन्सरला चालणारी आहे असं डब्यावर लिहिलेली घ्या. सेन्सर काढून बसवताना अँटी-सीझ पेस्ट फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही.

आवळण्याचा क्रम

आधी सगळे नट-बोल्ट हाताने, सैल. पाइप, क्लॅम्प, फ्रेमचा ब्रॅकेट, सगळं आपापल्या जागी ओढाताण न होता आलं पाहिजे. मग हेडजवळचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. त्यानंतर पुढून मागे क्लॅम्प. फ्रेमचा ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. बरेच जण ब्रॅकेट आधी आवळतात, कारण वजन धरायला तो सोयीचा पडतो. मग भोक जुळत नाही म्हणून पाइप वाकवून बोल्ट घालतात. तो ताण पाइपात राहतो आणि काही महिन्यांनी ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा जातो. वजन धरायला खाली विटा किंवा लाकडाचे तुकडे लावा. ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल तर वायसर घाला, नाहीतर पाइप परत करा.

आवळून झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी हे बघा: मागचा ब्रेक पूर्ण दाबला तर पेडल पाइपला लागतं का, मागच्या चाकाचा ॲक्सल बोल्ट पाइप न काढता निघतो का (पंक्चर भर पावसात होतं), सॅडलबॅग आणि पाइपात हवा खेळायला जागा आहे का, सेन्सरची वायर पाइपला टेकलीय का. सेंटर स्टँडवर खास लक्ष द्या. अनेक गाड्यांत स्टँड वर गेल्यावर टेकतो तो रबर कंपनीच्या सायलेन्सरवरच असतो. तो गेला की स्टँड जास्त वर जाऊन चेनला किंवा स्विंगआर्मला घासतो. जमिनीपासूनची उंचीही मोजा. सुपर मीटिओरला ती मुळातच 135 मिलिमीटर आहे. त्याखाली लोंबणारा पाइप गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर आपटेल.

नवीन पाइपावर हाताचे ठसे राहिले तर पहिल्या तापण्यात ते कायमचे भाजले जातात. सुती फडक्याने आणि स्पिरिटने पुसून मगच सुरू करा. सुरुवातीला थोडा धूर येईल, ते कारखान्यातलं तेल असतं. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर, गाडी थंड असताना, सगळे नट परत एकदा तपासा. तापून-निवून ते हमखास थोडे सैल होतात.

बिघाड शोधताना

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर हेडजवळ टिक-टिक ऐकू येते आणि दोन-तीन मिनिटांत विरते? गॅस्केट गळतंय. धातू तापून फुगला की फट बंद होते, म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत आवाज गेलेला असतो. गळती शोधायला मी उदबत्ती वापरतो: थंड इंजिन सुरू करून सांध्याजवळ धरायची, धूर ठोक्याठोक्याला उडाला तर तिथेच फट आहे. पेट्रोलची टाकी आणि नळ्यांपासून लांब, आणि पेट्रोलचा जराही वास येत असेल तर हा प्रयोग नको.

ठरावीक आरपीएमलाच झिणझिण होते ती सहसा हीट शील्डची (पाइपावरच्या पत्र्याच्या आडोशाची) किंवा सैल क्लॅम्पची. बेंड निळसर-सोनेरी पडला तर घाबरू नका. एकेरी पत्र्याच्या पाइपात उष्णतेने असा थर येतोच. मात्र निळेपणा झपाट्याने वाढला आणि गाडी चढावर गुदमरायला लागली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. जुन्या कार्बोरेटरच्या थंडरबर्ड, ॲव्हेंजरवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला कमी हवा पुरते, सुमारे 13.5 पट. जेट तेच ठेवले तर इंधनामुळे मिश्रण आधीच थोडं विरळ होतं, त्यात मोकळा मफलर आणखी भर घालतो. अशा गाडीचे जेट तपासून घ्यावेच लागतात.

डीबी किलर काढून फेकणं

मफलरच्या तोंडातला आवाज दाबणारा तो छोटा नळीचा तुकडा काढायला एक बोल्ट पुरतो, म्हणून पहिल्याच दिवशी काढला जातो. 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे. डेसिबलचं माप साधं नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पीयूसीत आवाज मोजला जात नाही, त्यामुळे पीयूसी पास म्हणजे सायलेन्सर कायदेशीर असं नव्हे. युरोपातल्या मंजुरीचा 'ई' शिक्काही आपल्याकडची मंजुरी ठरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्सवर तीन महिन्यांची गदा. कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपयांचा दंड वेगळा सांगितलाय. म्हणून आधी कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीत आपल्या मॉडेलसाठी मंजूर सायलेन्सर आहे का ते विचारा.

कायदा बाजूला ठेवला तरी आपली घरं रस्त्याला लागून आहेत. थंडरबर्डवर मोकळा पाइप होता तेव्हा शेजारच्या काकू एकदा हळूच म्हणाल्या, "बाबू, पहाटे निघतोस तेव्हा गाडी रस्त्यापर्यंत ढकलत नेशील? ह्यांना रात्रभर झोप नसते, पहाटे कुठे डोळा लागतो." त्याच दिवशी मी डीबी किलर परत बसवला, आणि मीटिओर घेतल्यावर तो काढायचा विचारही केला नाही.

जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका

वॉरंटीचं काम, गाडीची विक्री, पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, प्रत्येक वेळी तो लागतो. काढल्यावर उभा करून पाणी निथळू द्या, बाहेरून तेलाचा हात फिरवा. दोन्ही तोंडं तेलकट फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर करते. नट, बोल्ट, रबर एका पिशवीत घालून ती त्यालाच बांधा, आणि पावसाळ्याआधी माळ्यावर आडवा न ठेवता टांगून ठेवा.