टॅरोची संध्याकाळ ठेवताय? या चुका टाळा

भिशीत दर महिन्याला हाऊजी खेळून कंटाळा आला, म्हणून मागच्या जूनमध्ये मी घरी टॅरोची, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची, संध्याकाळ ठेवली. आम्ही अकरा जणी, पत्ते वाचणारी एक ओळखीची ताई आणि गरमागरम साबुदाणा वडे. नऊ वाजता ताई निघाली तेव्हा चौघींचा नंबर लागलाच नव्हता, एक जण बाथरूममध्ये जाऊन रडून आली होती आणि ताईच्या एका पत्त्यावर तेलकट अंगठा उमटला होता. त्यानंतर दोनदा ठेवली आणि दोन्ही वेळा छान झाली. ताई तीच होती, फक्त मी थोडी शहाणी झाले होते.

वेळेचा हिशेबच नाही

मी ताईला हौसेने सांगितलं होतं, "प्रत्येकीचं सविस्तर कर." सविस्तर म्हणजे केल्टिक क्रॉस, म्हणजे दहा पत्त्यांची मांडणी. एकीलाच अर्धा तास सहज जातो. घोळक्यात तीनच पत्ते काढायचे, माणशी दहा-बारा मिनिटं, आणि आठांच्या वर माणसं नकोत. क्रम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर "तू जा ना आधी" यातच वीस मिनिटं जातात.

सगळ्यांच्या देखत प्रश्न

ही खरी चूक, आणि ती यजमानाची. मी हॉलमध्ये मधोमध टीपॉय ठेवला आणि भोवती सगळ्या दाटीवाटीने बसल्या. एका मैत्रिणीला तीन तलवारींचा पत्ता आला. त्यावर लाल हृदय, त्यात आरपार तीन तलवारी आणि मागे पाऊस. ताई काही बोलायच्या आत सोफ्यावरून आवाज आला, "अगं, घरी सगळं ठीक आहे ना?" तिची जाऊ समोरच बसली होती. पुढचं बाथरूमचं मघाशी सांगितलंच.

आता वाचन आतल्या खोलीत, दार लोटून. बाकीच्या हॉलमध्ये गप्पा मारतात. घर लहान असेल तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून मुठीत ठेवायचा. तो मोठ्याने सांगायलाच हवा असं नाही. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेजही टाकते: आजारपण, दिवस राहणं, कोर्टकचेरी आणि दुसऱ्याच्या संसाराबद्दल विचारायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी डॉक्टर आहेत. माझा स्वतःचा पत्त्यांवर तसा विश्वास नाही, पण समोरचीचा असू शकतो, म्हणून हे पथ्य.

तरी कुणाचे डोळे भरून आलेच तर पत्ते गोळा करायचे आणि पाणी द्यायचं. "चल, दुसरा काढ, चांगला येईल" हे तर अजिबात नको. मनासारखा पत्ता येईपर्यंत काढत बसलं की त्या आधीच्या पत्त्याची धास्ती उलट वाढते.

आधी ओळख करून न देणं

तेरा नंबरचा पत्ता 'मृत्यू'. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा. तो पडल्यावर "याचा अर्थ तसा नसतो गं, काहीतरी संपून नवं सुरू होणार" असं म्हटलं, की ती नुसती समजूत वाटते. तेच सुरुवातीला सगळ्यांना दाखवून सांगितलं तर पटतं. त्याच चित्रात मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, तोही दाखवा.

पाच मिनिटं पत्त्यांवर बोला. हे पत्ते मुळात खेळायचे, पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतले. त्यांवरून भविष्य सांगायची टूम फ्रान्समध्ये अठराव्या शतकात फोफावली. आज सर्रास दिसणारी चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी काढली आणि तो कॅट 1909 मध्ये लंडनला निघाला. एकूण 78 पत्ते: 22 मोठे आणि 56 छोटे. छोट्यांचे चार रंग आपल्या ओळखीचेच. प्याले म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, काठ्या म्हणजे किलवर आणि नाणी म्हणजे चौकट. "म्हणजे मला इस्पिकची तिर्री आली होती होय?" असं ती मैत्रीण पुढच्या वेळी म्हणाली आणि स्वतःच हसली.

पैशांचं मोघम

ताईला माणशी द्यायचे की संध्याकाळचे, ते आधी ठरवा. वाचणारी व्यक्ती नवखी असेल तर आणखी एक स्पष्ट सांगा: खडे, तोडगे, पूजा असलं काही माझ्या पाहुण्यांना सुचवायचं नाही.

टेबल, पंखा, वडे

काचेच्या टीपॉयवरून पत्ता उचलता येत नाही, नखाने खरवडावा लागतो. वर जाड सुती चादर घाला. डोक्यावर पंखा नको, पत्ते उडतात. टेबलफॅन पायांकडे ठेवा. वाचणारी आणि विचारणारी समोरासमोर बसल्या तर एकीला सुलटा तो दुसरीला उलटा दिसतो, आणि उलट्या पत्त्याचा अर्थ वेगळा लावणारे बरेच असतात. कोपऱ्याला काटकोनात बसवा, वाद मिटतो.

आणि वडे शेवटी. तोवर चहा, बिस्किटं. त्या जूनमधला अंगठा 'चंद्रा'च्या नेमका पाठीवर उमटला होता. एकटा पत्ता काही विकत मिळत नाही, म्हणून ताईला अख्खा नवा कॅट घेऊन दिला आणि जुना माझ्याकडे राहिला. कितीही पिसा, चंद्र कुठे आहे ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.