पाट्यावर मका दळायचा तर

आधी पाटा टाकवून घ्या. गुळगुळीत दगडावर मका नुसता घसरतो. आमचा पाटा सासूबाईंचा, काळ्या दगडाचा, जन्मभर कांदा-लसूण मसाला वाटलेला. टाकी लावणारी बाई आता गल्लीत वर्षा-दोन वर्षांनी येते. गेल्या खेपेला मीच तिला म्हटलं, चांगली खोल मार. चूक माझीच. खाचांत पीठ अडकलं नि आठ दिवसांत कुबट वास सुटला. टाकी उथळ हवी, पण दाट.

हे खूळ डोक्यात शिरलं ते अमेरिकेतल्या मेसा व्हर्डेमुळं. कोलोरॅडोतल्या त्या कड्यांच्या कपारीत पुएब्लो लोकांनी दगडी घरं बांधली होती. १३०० च्या सुमाराला ती सोडून गेले. त्यांच्याकडं फिरतं जातं नव्हतं. खालचा दगड मेटाटे, वरचा दोन्ही हातांत धरायचा मानो. लोखंडही नव्हतं, त्यामुळं मेटाटेला टाकी द्यायची ती कडक गोट्यानं ठोकून.

मका खडखडीत वाळलेला घ्या. मंद आचेवर कोरडाच भाजा, दाणे तडतडायला लागले की उतरवा. पाट्याच्या आपल्याकडच्या टोकाखाली विटेचा तुकडा सरकवा, म्हणजे उतार पुढं जातो. गुडघ्यांवर बसा. मूठभरच दाणे टाका. वरवंटा लाटण्यासारखा लोळवायचा नाही, घासायचा: पुढं जाताना खांद्यातून जोर, मागं येताना हलका. मनगटानं रेटलात तर दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलणार नाही.

एका दमात पीठ होत नाही. पुएब्लो बायका फरशांच्या कप्प्यांत मेटाटे ओळीनं बसवायच्या, पहिला खरखरीत, पुढचे मऊ होत जाणारे. आपल्याकडं पाटा एकच, म्हणून भरड, रवा, पीठ असे तीन हात फिरवा, मधे चाळा. टाकीनंतरची पहिली मूठ मात्र टाकून द्या. त्यांचे दगड बहुतेक वालुकाश्माचे, कच भाकरीत उतरायची. तिथल्या जुन्या सांगाड्यांचे दात झिजलेले सापडतात.

(पेरणीही त्यांची बघण्यासारखी. ओढ्या-घळींत दगडी ताली घालून गाळ नि पाणी अडवायचे. त्यांचे वंशज होपी लोक अजूनही काठीनं वीतभर खोल भोक पाडून एकेका भोकात मूठभर दाणे सोडतात, ओल खाली असते म्हणून.)

पीठ उकळत्या पाण्यात मळा, नाहीतर भाकरी थापताना चिरते. वाटीभर मक्याला मला अर्धा तास लागतो, भाकरी होतात दोन. तिसरी मागितली की नवऱ्याला वरवंटा दाखवते.