अंदमानात पाण्याखाली फोटो काढताय? या चुका टाळा

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, पहिल्यांदा कॅमेरा घेऊन डाइव्हला उतरलो तेव्हा चाळीस मिनिटांत दोनशेच्या वर फोटो काढले. रात्री खोलीवर लॅपटॉप उघडून बघतो, तर प्रत्येक फोटो नीळ घातलेल्या बादलीत बुडवल्यासारखा. लायनफिश निळा, प्रवाळ निळं, आणि सोबतच्याच्या पायातल्या लाल फिन्स चक्क काळ्या. मी कॅमेऱ्याला नावं ठेवून मोकळा झालो. पण चूक माझीच होती, मी लांबून फोटो काढत होतो.

झूम

पाणी आधी लाल रंग खातं. साधारण ५ मीटरवर लाल फिका पडतो, १० च्या आसपास नारिंगी जातो, मग पिवळा. यात फक्त खोली मोजून भागत नाही, मासा आणि लेन्स यांच्यामधलं पाणीही त्यात धरायचं. झूम केल्यानं मासा मोठा दिसतो, मधलं पाणी मात्र तिथंच राहतं. त्यात आणखी एक गंमत अशी, की पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा पाव हिश्शानं जवळ दिसते. ३ मीटरवरचा मासा सव्वादोन मीटरवर वाटतो. म्हणून ‘आता पुरेसा जवळ आलो’ असं वाटलं की आणखी थोडं पुढे सरकायचं.

रंग परत आणायला लाल फिल्टर चालतो, पण वरून भरपूर ऊन असेल तरच. टॉर्च लावलात तर फिल्टर काढा, नाहीतर समोरचा मासा कुंकवात लोळून आल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्यात रॉ फाइलची, म्हणजे फोटो कच्च्या रूपात साठवण्याची, सोय असेल तर ती चालू ठेवा. मात्र १५ मीटरवर लांबून काढलेल्या फोटोत लाल उरलेलाच नसतो, तो कुठलंही ॲप आणून देणार नाही.

फोटोभर पांढरे ठिपके

हा कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा प्रताप. धुक्यात गाडीचा हाय बीम टाकला की जे होतं तेच इथे होतं: पाण्यात तरंगणारे कण आधी उजळतात. फ्लॅश बंद करा आणि टॉर्च लेन्सपासून लांब, बाजूनं धरा. बरेचसे ठिपके आपल्याच फिन्सनी उडवलेल्या वाळूचे असतात, हेही लक्षात असू द्या.

श्वास रोखणं

फोटो हलू नये म्हणून जमिनीवर आपण श्वास धरतो. स्कूबात ही सवय जिवावर बेतू शकते. श्वास धरून थोडं जरी वर गेलात तरी फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि इजा होते. हात हलला तर हलू दे, श्वास चालू ठेवायचा.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या डाइव्हला कॅमेरा नकोच. नवख्यांना स्कूबाची ओळख करून देणाऱ्या, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंतच्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो आणि फोटोही बहुतेक तोच काढतो. पाण्यात एका जागी तरंगता येईपर्यंत कॅमेरेवाला माणूस प्रवाळाला लाथा घालत हिंडतो. अंदमानात हे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, आठवण म्हणून मेलेला तुकडाही उचलायचा नाही.

माशाच्या मागे धावणं

पाठलाग केला की हाती शेपटीचा फोटो लागतो. क्लाउनफिश बघा: समुद्रफुलातून बाहेर येतो, वळतो, पुन्हा आत शिरतो. दोन-तीन मिनिटं नुसतं बघितलं तर त्याची वाट कळते. त्या वाटेवर फोकस धरून, त्याच्या पातळीला खाली येऊन थांबायचं. वरून काढलेला मासा तळाच्या दगडांत हरवतो, किंचित खालून काढला तर मागे मोकळं निळं पाणी येतं. तो थेट लेन्सवर चाल करून आला, तर बाजूच्या दगडावर नारिंगी अंड्यांचा ठिपका असण्याची शक्यता आहे. तेव्हा मागे व्हा. कासव वर निघालं असेल तर त्याच्या वाटेत जाऊ नका, ते श्वास घ्यायला निघालेलं असतं.

हाउसिंगमध्ये वाफ किंवा पाणी

बोटीवर हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं पाणी आत न येणारं कवच, उघडलं की दमट हवा आत शिरते आणि थंड पाण्यात गेल्यावर काचेवर धुकं धरतं. एसीच्या कोरड्या खोलीत, सिलिका जेलची पुडी घालून ते बंद करा. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कडीवर, बोट फिरवून बघा, पाणी आत यायला एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो. ग्रीस नुसती चमक येण्यापुरती, थालीपिठासारखी थापायची नाही. हाउसिंग न लावलेला गोप्रो बहुतेक मॉडेलांत १० मीटरपर्यंतच चालतो, डाइव्हला त्याचं हाउसिंग हवंच.

आत थेंब दिसलाच, तर लेन्सची बाजू खाली करा म्हणजे पाणी तिथं साचेल, इन्स्ट्रक्टरला खूण करा आणि नेहमीच्याच संथ गतीनं वर या. बोटीवर आल्यावर आधी बॅटरी काढा, ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. मी दाबलं होतं.