नवी कार्यपद्धती परदेशातील शाखेत नेताना ज्ञान कसे जपावे

मुख्यालयात यशस्वी ठरलेली कार्यपद्धती दुसऱ्या देशातील शाखेत रुजवायची असेल, तर पुस्तिकेचे भाषांतर करण्याआधी ती पद्धत मूळ ठिकाणी नेमकी कशामुळे चालते, हे शोधून काढावे. व्यवस्थापनाचे अभ्यासक गॅब्रिएल शुलान्स्की यांनी १९९६ मध्ये आठ कंपन्यांमधील अशा १२२ हस्तांतरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुख्य अडथळे निघाले ते घेणाऱ्यांची अपुरी ग्रहणक्षमता (नवे ज्ञान समजून वापरण्याची ताकद), कार्यकारणभावाची अस्पष्टता (पद्धत नेमकी कशामुळे चालते हे स्पष्ट नसणे) आणि दोन बाजूंमधले अवघडलेले संबंध. आपण मात्र बहुतेक वेळा ‘लोकांना बदल नको असतो’ असे म्हणून मोकळे होतो.

म्हणून मूळ शाखेतील अनुभवी कर्मचाऱ्यांना केवळ पायऱ्या विचारू नयेत. एखादी पायरी गाळली तर काय बिघडते आणि अपवाद उद्भवल्यास निर्णय कोण घेतो, हेही विचारून प्रत्येक पायरीसमोर तिचे कारण नोंदवावे. ज्या पायरीचे कारण कोणालाच सांगता येत नाही, ती सुरुवातीला जशीच्या तशी ठेवावी. इंटेल कंपनी चिपनिर्मितीची प्रक्रिया एका कारखान्यातून दुसऱ्यात नेताना हुबेहूब नक्कल करण्याचेच धोरण राबवत आली आहे. कामाचे तास, कामगार संघटनांशी सल्लामसलत यांसारख्या बाबींत स्थानिक कायद्यानुसार बदल करावेच लागतात, पण प्रत्येक बदलाची नोंद कारणासह ठेवावी.

जे लिहून देता येत नाही, त्यासाठी माणसेच पाठवावी लागतात. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा कॅलिफोर्नियातील फ्रीमॉंट येथील संयुक्त कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा तेथील गटप्रमुखांना प्रशिक्षणासाठी जपानमधील कारखान्यात पाठवण्यात आले. टोयोटाच्या पद्धतीत दोष दिसताच कामाच्या जागेवरची दोरी ओढून उत्पादन थांबवणे हा गुन्हा नसून कर्तव्य आहे, ही गोष्ट वाचून पटत नाही; दोरी ओढल्यावर वरिष्ठ रागावण्याऐवजी मदतीला धावतो, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. पुढे हीच पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेताना जनरल मोटर्सला मात्र बरीच वर्षे झगडावे लागले. एकट्यादुकट्या जाणकाराला जुन्या वातावरणात परत पाठवले, तर बहुधा तोच जुन्या वळणावर जातो. त्यामुळे एकत्र काम करणारा संपूर्ण गट पाठवावा आणि परतल्यावर त्याची लगेच पांगापांग करू नये.

भाषांतरापूर्वी संज्ञांची सामाईक सूची करावी. प्रत्येक दस्तऐवजाला एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि शाखेने सुचवलेल्या सुधारणा मुख्यालयाने ठरावीक मुदतीत तपासून उत्तर द्यावे, कारण उत्तरच येत नसेल तर शाखा सुचवणेही थांबवते.

प्रगती मोजताना प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर विसंबू नये. नवी पद्धत कागदोपत्री पाळून प्रत्यक्षात जुनीच चालू ठेवणे शाखांना सहज जमते. महिनाअखेरीस, माल रवाना करण्याची घाई असताना कर्मचारी कोणत्या पद्धतीचा आधार घेतात, हे जागेवर जाऊन पाहावे. जुनी तक्ता-फाइल (स्प्रेडशीट) अजूनही गुपचूप भरली जात असेल, तर ती बंद करण्यापूर्वी नव्या प्रणालीत न मिळणारी कोणती माहिती तिच्यातून मिळते, ते विचारून घ्यावे.