स्टिअरिंगमधली टकटक: जुन्या वर्नाचा कॉलम कसा तपासावा, कपलिंग कसे बदलावे

2011 ते 2017 या काळात विकल्या गेलेल्या ह्युंदाई फ्लुइडिक वर्नाच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. पार्किंगमधून गाडी हळू काढताना, खराब रस्त्यावर किंवा उभ्या गाडीत स्टिअरिंग जरा डावी-उजवीकडे हलवले की डॅशबोर्डखालून ‘टक-टक’ येते. हाताला बारीक झटका लागतो. गॅरेजात कोणी रॅक (चाके वळवणारी दातेरी पट्टी) बदलायला सांगतो, कोणी अख्खी कॉलम असेंब्ली, म्हणजे स्टिअरिंगखालचा दांडा सगळ्या जोडणीसकट. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष असतो नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, चांदणीच्या आकाराच्या एका लवचिक चकतीत. तिला फ्लेक्सिबल कपलिंग म्हणतात.

पण हे वाचून लगेच कपलिंग मागवू नका. हाच आवाज कॉलमच्या खालच्या युनिव्हर्सल जॉइंटमधूनही, म्हणजे दोन दांडे कोनात जोडणाऱ्या सांध्यातूनही येतो. कपलिंग तुटले तर फक्त खटखट वाढते. जॉइंट सुटला तर स्टिअरिंग फिरते आणि चाके वळत नाहीत. म्हणून आवाज कुठून येतो हे आधी पक्के करायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा.

आत काय असते

या गाडीत पॉवर स्टिअरिंगचे तेल नसते. कॉलमवरच, डॅशबोर्डच्या आत, एक इलेक्ट्रिक मोटर बसवलेली असते. तुम्ही स्टिअरिंगला किती जोर लावता हे टॉर्क सेन्सर मोजतो आणि कंट्रोल युनिट त्या हिशेबाने मोटरला करंट देते. मोटर एक वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) फिरवते, वर्म कॉलमच्या शाफ्टवरचे वर्म व्हील फिरवतो. मोटर आणि वर्म यांच्या मधोमध ही लवचिक चकती बसते, कारण दोन्हीकडचे धातूचे दाते थेट एकमेकांवर आपटू नयेत.

वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि मोटरच्या उष्णतेने ही चकती कडक होते, तिला भेगा जातात आणि शेवटी तिचा भुगा होतो. मग दाते एकमेकांवर आदळू लागतात. दाते अडकलेलेच राहत असल्याने मोटरची मदत मिळत राहते आणि स्टिअरिंगचा रॅकशी असलेला यांत्रिक जोडही शाबूत असतो. म्हणून नुसते कपलिंग गेलेली गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेता येते. आपल्याकडे उभ्या गाडीत स्टिअरिंग गरागरा फिरवायची सवय सर्रास आहे. त्यात मोटर, कपलिंग आणि जॉइंट या तिघांवरही सर्वांत जास्त ताण येतो. गाडी किंचित सरकू देऊन मग वळवली तर हा ताण निम्म्याहून कमी वाटतो, हे हातालाच कळते.

आवाजाचा माग

एक मदतनीस घ्या. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाके सरळ. इंजिन बंद ठेवून किल्ली एवढीच फिरवा की स्टिअरिंग लॉक सुटेल. आता मदतनीसाने स्टिअरिंग दोन-तीन सेंटिमीटर इतकेच, पण झटपट डावी-उजवीकडे हलवायचे. चाके वळता कामा नयेत. तुम्ही ड्रायव्हरच्या पायापाशी बसून एक हात कॉलमवरच्या मोटरवर ठेवा. ठोका मोटरच्या अंगात जाणवला, बाकी सगळीकडे नुसता आवाज आला, तर कपलिंग गेले.

मग हात खाली न्या. पेडलांच्या पुढे, फायरवॉलजवळ रबरी बूट असतो आणि त्याच्या वर युनिव्हर्सल जॉइंट, गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’. एक बोट जॉइंटच्या वरच्या अर्ध्यावर आणि एक खालच्या अर्ध्यावर टेकवा. वरचा भाग आधी हलला आणि खालचा क्षणभराने, तर जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. इथे ‘अजून थोडे दिवस चालेल’ हे उत्तर नाही. गाडी तिथेच थांबवायची.

उलटा दोषही होतो. जॉइंट ढिला न होता गंजून जाम होतो. त्याची खूण वेगळी: पुढची चाके जॅकने उचलून, दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे स्टँड) लावून, स्टिअरिंग हळू पूर्ण फिरवा. एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलके लागले तर क्रॉस अडकतोय. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हे करू नका.

स्टिअरिंग अजिबात न हलवता, फक्त खड्ड्यात आवाज येत असेल तर कॉलम सोडा आणि खाली पाहा: स्टॅबिलायझर लिंक, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, रॅकचे बुश. उभ्या गाडीत वळवताना ‘टण्ण’ असा स्प्रिंगचा आवाज आला तर स्ट्रटचे वरचे माउंट. स्टिअरिंग फिरवताना कागद घासल्यासारखा आवाज, हॉर्न मध्येच बंद पडणे किंवा एअरबॅगचा दिवा लागणे, यातले काही दिसले तर क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमागची गुंडाळलेली पट्टीवायर. हिला किरकोळ समजू नका. ती तुटली तर अपघातात ड्रायव्हरची एअरबॅग उघडत नाही. एप्रिल 2014 मध्ये टोयोटाने भारतातल्या सुमारे 45 हजार इनोव्हा आणि फॉर्च्युनर नेमक्या याच भागासाठी परत बोलावल्या होत्या.

आणखी तीन मोजमापे लगेच करून घ्या. चाके सरळ ठेवून स्टिअरिंगच्या कडेवर पट्टी धरा. चाके हलायच्या आधी कड किती सरकते ते मोजा. 30 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कुठेतरी झीज आहे. दुसरे, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे ओढा. अख्खा कॉलम हलला तर माउंटिंगचे बोल्ट किंवा टिल्टचा (स्टिअरिंगची उंची बदलायचा) खटका ढिला आहे. चालत्या गाडीत टिल्ट सुटून स्टिअरिंग मांडीवर आले तर घाबरून होणारी चूकच जास्त महागात पडते. तिसरे, बॅटरी: इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट, चालू असताना साधारण 13.5 ते 14.5. मोटर वळणावर बराच करंट ओढते. म्हाताऱ्या बॅटरीने किंवा हिरव्या पडलेल्या टर्मिनलने ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा लागतो, स्टिअरिंग एकदम जड होते आणि निष्पाप मोटर बदलली जाते.

गंज आणि बोल्ट

भारताबाहेरची दोन प्रकरणे इथे उपयोगी आहेत. 2013 मध्ये फोर्डने अमेरिका आणि कॅनडात क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार या 2005 ते 2011 च्या सेडान परत बोलावल्या, जवळपास 3 लाख 70 हजार. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा राज्यांत स्टिअरिंगचा खालचा शाफ्ट गंजून अडकत होता आणि त्याचा ताण वरच्या जोडावर येऊन तो सुटण्याचा धोका होता. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. पण मुंबईची खाडीकाठची पार्किंग, रत्नागिरी, मालवण, पणजी इथली खारी हवा आणि त्यावर चार महिन्यांचा पाऊस, हे मीठच आहे. किनारपट्टीवरच्या गाडीचा क्रॉस दर पावसाळ्यानंतर पाहावा. गाडीत पाणी शिरलेले असेल, फ्लोअरचा गालिचा एकदा जरी भिजला असेल, तर नक्कीच.

दुसरे प्रकरण नव्या गाड्यांचे. सप्टेंबर 2010 मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत 2011 मॉडेलच्या सुमारे 1 लाख 39 हजार सोनाटा बोलावल्या, कारण काही गाड्यांत इंटरमीडिएट शाफ्टचे (कॉलम आणि रॅक यांच्यामधल्या दांड्याचे) युनिव्हर्सल जॉइंट नीट बसवलेले किंवा नीट आवळलेले नव्हते. कारखान्यात जे चुकू शकते ते रस्त्याकडेच्या गॅरेजात किती सहज चुकेल, याचा विचार करा. कपलिंगच्या कामात याच जॉइंटचा बोल्ट उघडावा लागतो.

कपलिंग बदलणे

एअरबॅग काढण्याचा अनुभव नसेल तर हे काम स्वतः करू नका. चांगल्या मेकॅनिकसमोर उभे राहून करून घ्या. सरावलेल्या हाताला दोन-तीन तास लागतात, पहिल्यांदा करणाऱ्याला अर्धा दिवस. भाग अगदी स्वस्त आहे, खर्च सगळा मजुरीचा.

आणायचे सामान: चासिस नंबर दाखवून अधिकृत पार्ट्स काउंटरवरून घेतलेले कपलिंग (पार्ट नंबर 56315 ने सुरू होतो), जॉइंटचा नवीन क्लॅम्प बोल्ट, स्टिअरिंगचा नवीन नट, थ्रेड लॉक, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), रंगाचा मार्कर आणि चिकटपट्टी. बाजारात नावापुरती रबरी कपलिंग मिळतात. ती काही महिन्यांत पुन्हा भुगा होतात, घेऊ नका.

चाके अगदी सरळ करा आणि किल्ली काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून निदान तीन मिनिटे थांबा, म्हणजे एअरबॅगच्या युनिटमधला साठलेला चार्ज उतरतो. एअरबॅग मागून स्क्रूने किंवा स्प्रिंग क्लिपने धरलेली असते. ती काढून, पिवळा कनेक्टर सोडवून, मऊ बाजू वर करून बाजूला ठेवा. उलटी ठेवू नका, मल्टिमीटरही लावू नका.

स्टिअरिंगचा नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. व्हील ओढून मोकळे झाले की ते नटावर अडते, नाहीतर तोंडावर येते. शाफ्ट आणि व्हीलवर एक सरळ रेघ मारा आणि मगच व्हील उतरवा. क्लॉक स्प्रिंगवर लगेच चिकटपट्टी लावा. ती एक-दोन फेऱ्या फिरली आणि तशीच बसवली तर पहिल्या पूर्ण वळणात आतली पट्टी तुटते. या कामात सर्वाधिक नुकसान इथेच होते.

आता कव्हर, गुडघ्यासमोरचे पॅनेल आणि इग्निशन, कॉम्बिनेशन स्विच व मोटरचे कनेक्टर सोडवा. वायरी कशा बांधल्या आहेत त्याचे फोटो काढा. जॉइंट आणि रॅकच्या पिनियनवर (रॅक सरकवणाऱ्या दातेरी दांड्यावर) आडवी रेघ मारा, क्लॅम्प बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि जॉइंट वर सरकवा. तो अडकला तर हातोड्याने ठोकू नका. ठोके थेट रॅकच्या बेअरिंगवर जातात. क्लॅम्पची फट पेचकसने किंचित उघडली तर बहुधा सुटतो. कॉलमचे माउंटिंग काढताना खालून दुसऱ्याने आधार द्यावा. लटकू दिला तर टॉर्क सेन्सरची वायर ताणली जाते.

कॉलम जाड कापडावर ठेवून मोटरचे दोन-तीन बोल्ट काढा आणि मोटर सरळ ओढा. आत तपकिरी-काळा भुगा दिसेल. तो कोरड्या कापडाने आणि ब्रशने पूर्ण साफ करा. दात्यांना कडा पडल्या असतील, बोट फिरवल्यावर टोचत असतील, तर नवे कपलिंगही लवकर खाल्ले जाईल. अशा वेळी मात्र मोटर किंवा कॉलम बदलण्याचा सल्ला खरा असतो. दाते चांगले असतील तर कपलिंग बसवा, मोटरचे दाते त्याच्या खाचांत आणा आणि मोटर हाताने बसेपर्यंत बोल्ट आवळू नका. बोल्टने ओढून बसवली तर नवी चकती पहिल्याच मिनिटात चेपते. साधे ग्रीस लावू नका, कितीतरी रबरे त्याने फुगतात.

परत जोडताना सगळे उलट क्रमाने, पण जॉइंटपाशी थांबा. पिनियनवर बोल्टसाठी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आरपार गेला तरच जॉइंट अडकतो. जॉइंट पाच मिलिमीटर जरी वर राहिला तरी बोल्ट खाचेत न जाता फक्त क्लॅम्प दाबून धरतो. वरून सगळे घट्ट वाटते, आणि काही महिन्यांनी दाते घासून जॉइंट वर सरकतो. बोल्ट हाताने सहज पार जातोय का ते पाहा, मग जॉइंट वर ओढून पाहा, आणि मगच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. स्टिअरिंगच्या नटासाठी साधारण 40 ते 50 न्यूटन मीटर.

बॅटरी जोडून इंजिन चालू करा. ईपीएस आणि एअरबॅग दोन्ही दिवे लागून विझले पाहिजेत. ईपीएसचा दिवा राहिला तर स्कॅनरने कोड वाचा. बऱ्याचदा स्टिअरिंग अँगलचे कॅलिब्रेशन करावे लागते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे दिसले तर रेघ चुकली आहे. ते अलाइनमेंटवाल्याकडून टाय रॉड फिरवून ‘सरळ’ करून घेऊ नका, व्हील पुन्हा काढून योग्य दात्यावर बसवा.

कंपनीकडून काय मिळू शकते

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आले आणि सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देता येऊ लागला. नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत, पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. जुन्या सेडानचे मालक त्यातून सुटतात, आणि झिजणारे सुरक्षेचे भाग तर नेमके त्यानंतरच झिजतात. ही मर्यादा आम्हाला चुकीची वाटते. तरी कंपनीच्या संकेतस्थळावर चासिस नंबर टाकून जुना रिकॉल राहून गेलाय का ते जरूर पाहा. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने पत्राकडे दुर्लक्ष केलेले असू शकते. सर्व्हिस सेंटरने तपासणीविना पूर्ण कॉलमचे एस्टिमेट दिले तर दोष कोणत्या भागात आहे ते जॉब कार्डवर लिहून मागा. लेखी कागद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरच्या तक्रारीला वजन येते.

काम झाल्यावर जॉइंटच्या बोल्टवर आणि क्लॅम्पवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. 500 किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन ती पाहा. रेघ तुटलेली दिसली तर तोच बोल्ट पुन्हा आवळायचा नाही. तो काढून टाकायचा, जॉइंट किती खोल बसलाय ते पुन्हा तपासायचे आणि नवा बोल्ट घालायचा.