प्रवेशअर्जाआधी स्वतःचे ईमेल खाते : तयारीची यादी

दहावी-बारावीचा निकाल जवळ आला की घरोघरी कागदांची फाइल उघडली जाते आणि गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पासबुक असा एकेक कागद जमवायला सुरुवात होते. या यादीत ईमेल खात्याचे नाव सहसा नसते. मग अर्ज भरायच्या दिवशी सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात ‘मेल आयडी सांगा’ असे विचारले गेले की खाते तिथल्या तिथे, घाईघाईत, अर्ज भरून देणाऱ्याच्या हातून तयार होते. २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यात लागू झाला आहे. सीईटीची नोंदणी, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, पुढे पासपोर्ट आणि प्राप्तिकर विवरणपत्र यांसाठीही हाच पत्ता द्यावा लागतो. हरवलेली गुणपत्रिका मंडळाकडे अर्ज करून पुन्हा मिळवता येते. दुसऱ्याच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले खाते मात्र एकदा अडकले की बहुधा गेलेच. म्हणून हे काम निकालाच्या आधी, घरी, शांतपणे बसून आणि स्वतःच्या हाताने करावे. पुढचा तपशील जीमेल या गुगलच्या ईमेल सेवेला धरून लिहिला आहे, कारण आपल्याकडे बहुतेक विद्यार्थ्यांचे खाते तिथेच असते.

सर्वांत आधी ठरवायचा तो मोबाइल क्रमांक. तो विद्यार्थ्याचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा असावा आणि पुढची चार-पाच वर्षे तरी चालू राहणार आहे याची खात्री असावी. नीट, जेईई यांसारख्या परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था एनटीए आपल्या माहितीपुस्तिकेत हेच बजावते की ईमेल पत्ता आणि मोबाइल क्रमांक उमेदवाराचा किंवा पालकांचाच द्यावा, कारण सगळा पत्रव्यवहार त्यावरच होतो. स्वस्तातल्या योजनेसाठी घेतलेले आणि रिचार्ज संपले की पडून राहणारे सिम या कामाला वापरू नये. बंद झालेला क्रमांक दूरसंचार कंपन्या किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत; त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि मग तुमच्या खात्याचा ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. एका क्रमांकावर किती खात्यांची पडताळणी होऊ शकते यालाही गुगलची मर्यादा आहे. केंद्रचालकाने आपल्याच क्रमांकावर आधी अनेकांची खाती उघडलेली असतील, तर तुमच्या वेळी तो क्रमांक नाकारला जाण्याचीही शक्यता असते.

क्रमांक ठरला की दुसरा एक ईमेल पत्ता हाताशी ठेवावा, म्हणजे आईचा, वडिलांचा किंवा नोकरीला लागलेल्या ताईदादांचा. तो खाते परत मिळवण्यासाठी पर्यायी पत्ता म्हणून द्यायचा आहे. त्यामुळे त्या व्यक्तीला आधी विचारावे आणि तो पत्ता ती आजही उघडून पाहते ना, हेही पाहून घ्यावे. घरात कोणाचेच खाते नसेल तर आईच्या किंवा वडिलांच्या फोनमध्ये बहुधा एक गुगल खाते असतेच, कारण प्ले स्टोअरमधून ॲप घेण्यासाठी ते लागते. त्याचा पासवर्ड कोणाला आठवत नाही, एवढीच अडचण असते. आधी ते मार्गी लावावे.

पत्त्याचे नाव ठरवताना गुणपत्रिका समोर ठेवावी आणि तिच्यावरचे इंग्रजी स्पेलिंग जसेच्या तसे घ्यावे. ‘दीपक’मध्ये एक ‘आय’ आहे की दोन ‘ई’, ‘शिंदे’मध्ये ‘एच’ आहे की नाही, हे कागदावरून पडताळून घ्यावे. जीमेलमध्ये नाव ६ ते ३० अक्षरांचे असावे लागते आणि त्यात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि टिंब एवढेच चालते. नावामधली टिंबे जीमेल मोजत नाही, त्यामुळे टिंब घातलेला आणि न घातलेला पत्ता एकाच खात्याचा ठरतो. तरीही अर्जांच्या संकेतस्थळांना हे दोन वेगळे पत्ते वाटतात, म्हणून एकदा ठरवलेले रूपच सगळीकडे लिहावे. साधे नाव आधीच कोणी घेतलेले असेल तर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर किंवा गावाचे नाव जोडावे. जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक मात्र पत्त्यात कधीही घालू नयेत, कारण अनेक ठिकाणी ओळख पटवताना नेमक्या याच दोन गोष्टी विचारल्या जातात. इंग्रजी ‘एल’ आणि आकडा एक, ‘ओ’ आणि शून्य या जोड्याही टाळाव्यात. बँकेच्या खिडकीवर किंवा फोनवर पत्ता सांगताना याच जागी घोटाळा होतो, आणि आपले पत्र परक्या माणसाला गेल्याचा पत्ताही लागत नाही.

नोंदणीच्या वेळी जन्मतारीख खरी द्यावी. भारतात स्वतःचे गुगल खाते चालवण्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे. वर्षाच्या रकान्यात चुकून चालू साल निवडले गेले तर खाते वयाच्या कारणावरून अडकू शकते.

पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नये. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत लिहून त्यात एखादा आकडा घातला की पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. देवनागरी अक्षरे इथे चालत नाहीत. स्वतःचे नाव, शाळेचे नाव, देवाचे नाव, आणि त्यापुढे १२३ असे काही ठेवू नये. तेच सगळ्यांत आधी करून पाहिले जाते. हा पासवर्ड दुसऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर वापरू नये. प्रवेशाच्या पोर्टलचा पासवर्ड अर्ज भरताना चार जणांना कळतो. तो आणि मेलचा पासवर्ड एकच असला तर त्या चार जणांना तुमचे सगळे खातेच उघडे होते. वहीत लिहून ठेवायला हरकत नाही, फक्त ती वही कपाटात राहावी आणि कागदांच्या फाइलीतून केंद्रावर जाऊ नये.

खाते उघडल्यावर लगेच, त्याच बैठकीत, सुरक्षेच्या भागात जाऊन पर्यायी मोबाइल क्रमांक आणि पर्यायी ईमेल भरावा आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. ती चालू केली की नव्या फोनवर किंवा संगणकावर प्रवेश करताना पासवर्डाशिवाय आणखी एक पुरावा लागतो, उदाहरणार्थ एसएमएसने आलेला कोड किंवा फोनवर दिलेली परवानगी. अनेक जण इथेच थांबतात, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची पायरी यापुढेच आहे : बॅकअप कोड. गुगल एका वेळी आठ आकडी १० कोड देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवे १० मागवले की जुने आपोआप रद्द होतात. फोन हरवला, पाण्यात पडला, किंवा तालुक्याच्या ठिकाणी पोचल्यावर ज्या फोनवर कोड येतो तो घरीच राहिल्याचे लक्षात आले, तर यांतला एक कोड टाकून खाते उघडता येते. हे कोड छापून किंवा स्वच्छ अक्षरात उतरवून एक प्रत घरी पासवर्डाच्या वहीपासून वेगळी ठेवावी. बाहेरगावी अर्ज भरायला जाताना दोन कोड चिठ्ठीवर सोबत न्यावेत आणि त्या चिठ्ठीवर पत्ता किंवा पासवर्ड लिहू नये. कोडांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, कारण फोन गेला की तोही जातो.

ज्यांचे खाते आधीच दुसऱ्या कोणी उघडून दिले आहे त्यांनी नवे खाते उघडण्याची घाई करू नये, कारण जुना पत्ता अर्जांमध्ये नोंदलेला असतो. ते खाते पूर्णपणे आपल्या ताब्यात घ्यावे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पासवर्ड बदलावा. मग पर्यायी क्रमांक आणि ईमेल तपासून परका असेल तो काढावा. त्यानंतर ‘युवर डिव्हाइसेस’ या पानावर खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे ते पाहून अनोळखी यंत्रांवरून बाहेर पडावे, आणि खात्यात शिरण्याची परवानगी दिलेली ॲप आणि संकेतस्थळे पाहून नको ती परवानगी काढून घ्यावी. शेवटी संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हे दोन भाग उघडावेत. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सूचना तिथे कोणी घालून ठेवली असेल, तर पासवर्ड बदलल्याने ती थांबत नाही. ती हाताने पुसावी लागते. हा तपास खात्यावर कधी संशय आला तर पुन्हाही करावा.

सेटिंगमध्ये गेलाच आहात तर आणखी दोन बदल करून घ्यावेत. पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत सुरुवातीला ५ सेकंद असते, ती ३० सेकंदांवर न्यावी. चुकीचा कागद जोडला गेल्याचे लक्षात यायला एवढा वेळ तरी हवाच. ‘प्रमोशन्स’सारखे वेगळे कप्पे बंद करून सगळे मेल एकाच रांगेत येऊ द्यावेत, कारण गुणवत्ता यादीची सूचना जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडली तर ती कोणाच्या नजरेस पडत नाही.

जागेचा प्रश्न विद्यार्थ्यांना अगदी अनपेक्षितपणे गाठतो. गुगल खात्यासोबत मिळणारी १५ जीबी मोफत जागा एकट्या मेलची नसते. ड्राइव्ह आणि फोटो यांचीही तीच असते, आणि ॲन्ड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता तिच्यातच मोजला जातो. त्यामुळे लग्नांचे व्हिडिओ आणि ग्रुपवरच्या क्लिपा यांनी जागा भरते, आणि ती भरली की मेल येणेही बंद होते, जाणेही बंद होते. प्रवेशाच्या हंगामाआधी व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळावेत, गुगल वन या गुगलच्या साठवण सेवेच्या पानावर मोठ्या फाइली पाहून नको त्या काढाव्यात, आणि ट्रॅश रिकामा करावा. ट्रॅशमधील मेल ३० दिवसांनी आपोआप जातात, तोवर जागा अडलेलीच राहते.

अर्ज भरल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंत मेल रोज, शक्यतो सकाळी आणि संध्याकाळी, उघडावा आणि स्पॅमचा कप्पाही पाहावा, कारण तिथले मेलही ३० दिवसांनंतर पुसले जातात. कामाचा मेल तिथे सापडला तर ‘नॉट स्पॅम’ करून घ्यावा. मेल विषयवार लावण्यासाठी ‘अकरावी प्रवेश’, ‘सीईटी’, ‘शिष्यवृत्ती’ अशी तीन लेबले, म्हणजे नावाच्या चिठ्ठ्या, पुरतात. याहून जास्त केली की सांभाळली जात नाहीत. अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती असलेल्या मेलला तारा लावावा आणि पावती उतरवून ठेवावी.

याच दिवसांत फसवे मेलही येतात. शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा. २४ तासांत खाते बंद होईल, इथे पासवर्ड टाका. जागा राखून ठेवली आहे, लगेच पैसे पाठवा, अशा मजकुरात घाई हीच खूण असते. पाठवणाऱ्याच्या नावावर विसंबू नये. नावावर बोट ठेवून मागचा पूर्ण पत्ता वाचावा आणि मेलमधल्या दुव्यावरून न जाता मूळ संकेतस्थळ स्वतः उघडून तिथे सूचना आहे का ते पाहावे. गुगल मेल पाठवून पासवर्ड मागत नाही, आणि ओटीपी तर कोणालाच सांगायचा नसतो. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे, कारण जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

स्वतः मेल पाठवायची वेळ आली तर विषयाची ओळ रिकामी सोडू नये. तीत अर्ज क्रमांक आणि काम लिहावे. जोडलेल्या फाइलीला फोनने दिलेले आकडे तसेच न ठेवता विद्यार्थ्याचे नाव आणि कागदाचे नाव द्यावे. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतच्या फाइली जोडता येतात. त्याहून मोठी फाइल ड्राइव्हचा दुवा म्हणून जाते, आणि त्या दुव्याला पाहण्याची परवानगी दिली नसेल तर समोरच्याला कागद उघडतच नाही. म्हणून स्कॅन केलेली पाने आधीच लहान पीडीएफमध्ये करून ठेवावीत. कॅफेतल्या संगणकावर काम करायचे असेल तर ब्राउझरची गुप्त खिडकी (इनकॉग्निटो) वापरावी, पासवर्ड जपून ठेवू का असे विचारल्यास नकार द्यावा, उतरवून घेतलेले कागद डाउनलोडच्या फोल्डरमधून पुसावेत आणि उठण्याआधी खात्यातून बाहेर पडल्याची स्वतः खात्री करावी.

प्रवेश झाल्यावर महाविद्यालयाकडून वेगळा मेल पत्ता मिळू शकतो. तो अभ्यासापुरता वापरावा. पदवीनंतर तो बहुधा बंद होतो, म्हणून बँक, डिजीलॉकर, पासपोर्ट यांच्याकडे स्वतःचाच पत्ता राहू द्यावा. उलट, स्वतःचे खाते नुसते पडूनही ठेवू नये : सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे.

हे सगळे झाले की एक तालीम करावी. फोन बाजूला ठेवून, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर, फक्त पासवर्ड आणि एक बॅकअप कोड वापरून खाते उघडता येते का ते पाहावे. आईच्या पत्त्यावर एक पीडीएफ जोडून मेल पाठवावा आणि तिथून उत्तर मागवावे. वापरलेला कोड यादीतून खोडावा आणि त्या यंत्रावरून बाहेर पडावे. ही तालीम अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी व्हावी. पर्यायी क्रमांक बदलावा लागला तर त्यानंतरही सात दिवस गुगल जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते, आणि अडकलेले खाते परत मिळवण्याच्या विनंतीला कधीकधी काही दिवस लागतात. तेवढे दिवस हाताशी असले पाहिजेत.