ड्रोन जमिनीवर सांभाळायला शिका: कोल्हापुरातल्या नवशिक्यांसाठी

कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन नवीन घेतला की धास्ती असते ती आकाशाची. घार धडकेल, वारा ओढून नेईल, सिग्नल तुटेल. दुरुस्तीला येणाऱ्या ड्रोनची दुखणी मात्र बरेचदा जमिनीवरचीच निघतात. कुणी गिंबलचं, म्हणजे कॅमेरा तोलून धरणाऱ्या यंत्रणेचं, कव्हर न काढता बटण दाबलेलं असतं, कुणाची बॅटरी गाडीच्या डिकीत भाजलेली असते, कुणाच्या मोटरीत लोखंडाचा चुरा बसलेला असतो, तर कुणाच्या कंट्रोलरच्या स्टिकमध्ये भेळेचं तेल उतरलेलं असतं. उडवायला आठ दिवसांत जमतं. सांभाळणं मुद्दाम शिकावं लागतं, आणि पुढे लग्नाच्या शूटिंगच्या लाइनीत शिरायचं असेल तर तेच आधी शिकलेलं बरं. त्यात फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुट्या भागांना मुभा आहे. त्यामुळे 'मोडला तर दुसरा घेऊ' या भरवशावर राहू नका.

पुढचं सगळं २५० ग्रॅमच्या आतले, घडी घालता येणारे, डीजेआय मिनीच्या जातीचे ड्रोन धरून लिहिलं आहे. मोठ्या ड्रोनला आकडे बदलतील, तत्त्व तेच.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे गिंबल. कॅमेरा तीन अक्षांवर तोलून धरणाऱ्या तीन चिमुकल्या मोटरी, त्यांच्यामधून वळत गेलेली कागदासारखी पातळ फ्लेक्स केबल आणि कंपन गिळणारे रबरी डॅम्पर, एवढंच त्याचं भांडवल. ड्रोन चालू होताच गिंबल आपण होऊन फिरून सरळ व्हायला बघतो. कव्हर तसंच असेल, तर मोटरी अडलेल्या जागी जोर लावत राहतात, तापतात आणि अॅपवर 'गिंबल ओव्हरलोड'चा इशारा येतो. एकदोनदा चुकून झालं तर काही बिघडत नाही, रोजची सवय झाली तर मोटर जाते. उलट, प्रवासात कव्हर नसेल तर प्रत्येक खड्ड्याला कॅमेरा लोंबकळत डोलतो आणि फ्लेक्स केबल वाकण्याच्या जागी चिरते. चिरलेली केबल गंमतच करते. घरी चित्र व्यवस्थित दिसतं आणि हवेत ड्रोन कलला की काळा पडदा. म्हणून क्रम पाठ करा. उघडताना आधी कव्हर काढायचं, मग पुढचे हात, मग मागचे, मग बॅटरीचं बटण. मिटताना आधी मागचे हात, मग पुढचे, आणि कव्हर शेवटी. ड्रोन सपाट जागी ठेवूनच चालू करा. गवतात ठेवलात तर पात्यात अडकूनही गिंबल तसाच जोर लावतो.

नेण्याआणण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे निम्मा प्रवास दुचाकीवर होतो. ड्रोन डिकीत ठेवू नका. स्कूटरच्या डिकीला खालून इंजिनाची धग लागते, वरून ऊन. टाकीवरच्या बॅगेत इंजिनाची बारीक थरथर सतत गिंबलला पोचते. पाठीवरची सॅक सगळ्यात चांगली, कारण रस्त्याचे दणके आधी तुमचं अंग झेलतं. आत फोम कापून बसवलेली कडक केस हवी आणि कॅमेऱ्याचं तोंड पाठीच्या बाजूला नको. एप्रिल-मे महिन्यात बंद कार उन्हात उभी असेल तर आतलं तापमान साठ अंशांपर्यंत सहज जातं, आणि बहुतेक छोट्या ड्रोनची काम करण्याची मर्यादा चाळीस अंश सेल्सिअसची असते. जोतिबाला दर्शन घेऊन येईपर्यंत बॅटऱ्या गाडीत ठेवणं म्हणजे त्या फुगवायला ठेवणंच.

बॅटरी

लिथियम पॉलिमरच्या साध्या सेलला पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट येतात, तीनच्या खाली गेला की तो कायमचा बिघडायला लागतो. आठवडाभर उडवायचं नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, रिकामीही ठेवू नका. ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. हुशार बॅटऱ्या काही दिवसांनी आपोआप स्वतःला उतरवून घेतात, पण पूर्ण रिकामी होऊन कपाटात पडलेली बॅटरी स्वतःला चढवून घेऊ शकत नाही. पावसाळ्याचे चार महिने ड्रोन बासनात गेला असेल तर मध्ये किमान एकदा बाहेर काढून बॅटरी उतरवा आणि पुन्हा चढवा. उड्डाणानंतर बॅटरी गरम असते; हाताला गार लागल्यावरच, म्हणजे अर्ध्या तासाने, चार्जिंगला लावा.

फुगलेली ओळखायची सोपी खूण आहे. बॅटरी काचेच्या टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. ती डुलली तर ती बाद. फुगलेली बॅटरी खोबणीत नीट बसत नाही, खटका अर्धाच लागतो आणि हवेत धक्का बसला की निसटते. बॅटरी निसटली म्हणजे ड्रोन दगडासारखा खाली. म्हणून प्रत्येक वेळी खटक्याचा 'टक' कानाने ऐका आणि मग बोटाने मागे ओढून बघा. बाद बॅटरीला भोक पाडू नका, घंटागाडीत टाकू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. विमानाने जाणार असाल तर बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच.

आपल्या भागातली धूळ

धुळीतही प्रकार आहेत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉप पावलोपावली. तिथल्या अंगणात ड्रोन टेकवला की लोखंडाचा भुगा थेट मोटरीकडे धावतो, कारण ब्रशलेस मोटरीच्या फिरत्या टोपीत आतून कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. टोपी आणि आतलं वेटोळं यांच्यातली फट मिलिमीटरहूनही कमी. तिथे कण अडकला की मोटर 'खरर' करते, जास्त करंट ओढते, तापते आणि एक बाजू लंगडी पडते. असाच त्रास नदीकाठीही होतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं. पंचगंगेच्या काठावरच्या वाळूतून लोहचुंबक फिरवून बघा, काळे केस उभे राहिल्यासारखे कण चिकटतील. हे कण फुंकून निघत नाहीत. सेलोटेपची बारीक गुंडाळी उलटी करून फटीत टेकवायची आणि उचलायची, पुन्हा नवी घ्यायची. सुईने उकरू नका, वेटोळ्याच्या तारेवरचं लाखेचं आवरण खरवडलं की मोटर शॉर्ट.

साधी माती, गवताचे तुकडे, जांभ्याची लाल धूळ यांना हाताने दाबायचा रबरी ब्लोअर पुरतो. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर नको. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि दाब इतका की धूळ बेअरिंगच्या आत ठोकली जाते. मोटरीत तेलही सोडू नका. तेलाला धूळ चिकटून तिची पेस्ट होते.

जोतिबाच्या डोंगरावर गुलालाचा वेगळा विचार करावा लागतो. यात्रेच्या गर्दीवर ड्रोन न्यायचा नाहीच. पण यात्रा उलगडल्यावरही दगडांच्या सांध्यांत गुलाल साठलेला असतो, आणि प्रोपेलरच्या वाऱ्याने तो उडून लेन्सवर आणि गिंबलच्या सांध्यात बसतो. ओल्या कापडाने पुसलात तर रंग पसरतो. आधी ब्लोअर, मग मऊ कोरडा ब्रश, आणि लेन्सला सगळ्यात शेवटी मायक्रोफायबर. गळीत हंगामात पाचट पेटवतात तेव्हाची काजळीही याच वर्गातली.

या सगळ्यावर स्वस्त उपाय म्हणजे लँडिंग पॅड. ७५ सेंटिमीटरचा घ्या, ५० चा उतरताना चुकतो. चारी कोपरे खिळ्यांनी, ते नसतील तर दगडांनी दाबा, नाहीतर पॅडच उडून प्रोपेलरमध्ये जातो. हातावर उतरवण्याचे व्हिडिओ पाहून बोटं पुढे करू नका.

उडवण्याआधी

प्रोपेलरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ते पातं बाद. मिनीत एका मोटरीवर दोन सुटी पाती असतात आणि ती वजनाला जुळवलेल्या जोडीने येतात, म्हणून एक तुटलं तरी दोन्ही बदला, तीही एकाच पाकिटातली. खूण असलेली पाती खूण असलेल्या हातावरच लावायची. चुकलं तर ड्रोन उठताक्षणी उलटा पडतो. प्रोपेलर गार्ड घरात शिकताना जरूर लावा, पण मोकळ्यावर काढा. ते वारा धरतात आणि २४९ ग्रॅमच्या ड्रोनला २५० च्या पार नेतात, म्हणजे नियमांनी तो नॅनोतून मायक्रो वर्गात जातो.

टेकऑफ बंधाऱ्याच्या काँक्रीटवरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून करू नका. आतल्या सळ्या आणि पत्रा होकायंत्राला चकवतात, ड्रोन वर गेला की गोल गोल भरकटतो. उपग्रह पुरेसे मिळून अॅपने 'होम पॉइंट (परतायची जागा) नोंदवला' म्हटल्याशिवाय उठवू नका. उठल्यावर दोन मीटरवर वीस-तीस सेकंद नुसता तरंगत ठेवा. मोटर, होकायंत्र, प्रोपेलर, ज्याचं काय बिनसलं असेल ते इथेच कळतं आणि पडला तरी दोन मीटरवरून पडतो.

पन्हाळ्याला गेलात तर एक गोष्ट नीट समजून घ्या: रिटर्न-टू-होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परततो तेव्हाची, उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नाही. पायथ्याच्या रानातून उडवून ती चाळीस मीटर ठेवलीत आणि सिग्नल तुटला, तर परतीच्या सरळ रेषेत कडा आडवा येतो. भोवतीचं सगळ्यात उंच काय आहे त्याच्या वर पंधरा-वीस मीटर ठेवा. कड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला हवा वर ढकलते आणि पाठीमागे भोवरे करते. मसाई पठारावर सपाटीला वारा अडवणारं काहीच नाही. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी राहील. उलट केलंत तर जाताना बॅटरी भरपूर वाटते आणि परतताना ड्रोन जागच्या जागी झगडत राहतो. तसं झालं तर खाली उतरा, जमिनीलगत वारा कमी असतो. किल्ला संरक्षित स्मारक आहे, परवानगी आधी काढा. विमानतळ उजळाईवाडीला असल्यामुळे शहराच्या बऱ्याच भागात बंधनं लागू होतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर यलो झोन (परवानगी लागणारं आकाश) येतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून बघा, अंदाजावर जाऊ नका.

रंकाळ्यावर पाण्यालगतचा शॉट सगळ्यांना हवा असतो. खालचे सेन्सर जमिनीवरची नक्षी पाहून जागा धरतात. पाण्याची नक्षी हलती, म्हणून ड्रोन हळूच सरकतो किंवा खाली येतो. तीन-चार मीटरच्या खाली जाऊ नका. पेठांमध्ये केबलच्या तारा आणि संक्रांतीचा मांजा कुठल्याच सेन्सरला भरवशाने दिसत नाही. आणि उसात पडलेला ड्रोन शोधणं म्हणजे काय, ते दोन माणसं उंचीच्या फडात शिरल्यावर कळतं. अंगावर फोन नंबराचं स्टिकर लावा. पडल्याबरोबर अॅपमधल्या शेवटच्या जागेचा स्क्रीनशॉट घ्या, बॅटरी जिवंत आहे तोवर मोटरीची पीप वाजवत चला.

कंट्रोलर

याच्याकडे फार कमी लक्ष जातं. निघणाऱ्या स्टिक असतील तर प्रत्येक वेळी काढून खाचेत ठेवा. बॅगेत दाबली गेलेली स्टिक मध्यावर परत येत नाही, आणि मग हात न लावताही ड्रोन सरकत राहतो. तसं झालं तर अॅपमधून कंट्रोलर कॅलिब्रेट करा, तेही ड्रोन बंद ठेवून, घरी. भेळ खाल्लेल्या बोटांनी स्टिक धरू नका. तेल आणि शेव दोन्ही खाली उतरतात. साफ करायला कोरडा ब्रश. फार चिकट असेल तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, कंट्रोलरवर थेट फवारा नाही.

फोनची छोटी केबल हा नेहमीचा घात. फोन क्लॅम्पमध्ये बसवताना ती वाकते आणि ऐन उड्डाणात चित्र जातं. एक जादा बाळगा. क्लॅम्प फोनचं बटण दाबून धरत नाही ना तेही बघा. मोड स्विच 'एन'वर (नॉर्मल) आहे याची खात्री करा. बॅगेत घासून तो 'एस'वर सरकतो, आणि सेन्सर असलेल्या ड्रोनमध्येही स्पोर्ट मोडला अडथळ्यांची जाण बंद असते. चालू करताना कंट्रोलर आधी, बंद करताना ड्रोन आधी.

पावसाळा आणि पाणी

जून ते सप्टेंबर इथल्या हवेत कपडे वाळत नाहीत, तिथे लेन्सला बुरशी यायला वेळ लागत नाही. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत शंभर ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक कापडी पिशवी, एवढ्यात काम होतं. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात आणू नका.

ड्रोन पाण्यात पडलाच तर बाहेर काढल्याबरोबर बॅटरी काढा. चालू होतोय का बघायला बटण दाबणं हीच सगळ्यात महागडी चूक, कारण ओल्या सर्किटला पाण्यापेक्षा त्यातून वाहणारी वीज जास्त जाळते. नदीचं गढूळ पाणी असेल तर बॅटरी काढलेल्या अवस्थेत डिस्टिल्ड वॉटरने गाळ धुवा, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल ओता, आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस. तांदळात पुरू नका, त्याची पूड मोटरीत जाते. हेअर ड्रायरने गिंबलचं रबर सैल पडतं. भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, बाहेरून कितीही कोरडी दिसली तरी.

आपटल्यानंतर तपासायचा क्रम असा: प्रोपेलर, हातांच्या बिजागऱ्यांच्या मुळाशी केसाएवढी भेग, मग चारही मोटरी बोटाने फिरवून. एक जरी खरखरली किंवा टोपी डगमगली तरी उडवू नका. सगळं ठीक वाटलं तर एक मीटर उंचीवर दोन मिनिटं तरंगवा, उतरवा, बंद करा आणि चारही मोटरींना बोट लावा. जी बाकीच्यांपेक्षा गरम, तिचा दांडा वाकलेला किंवा बेअरिंग गेलेलं. व्हिडिओत जेलीसारखी थरथर दिसली तर आधी पाती बदला, मग डॅम्पर बघा. बऱ्याच वेळा रबराचा एक कोपरा नुसता खाचेतून निसटलेला असतो आणि तो चिमट्याने ओढून बसवता येतो.